आसाचं भोक

चेतक स्कूटरचं इंजिन गाडीखालून उतरवून टेबलावर घेतलं की केसिंगची दोन दळं वेगळी करण्याआधी मी मॅग्नेट धरून क्रँक हळूहळू फिरवतो. तेवढा वेळ गॅरेजातला रेडिओ बंद असतो आणि हाताखालची पोरं गप्प असतात. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक बेरिंगच्या जागी केसिंगवर टेकवायचं आणि मूठ कानाच्या हाडाला लावायची. चांगलं बेरिंग बोलत नाही. संपलेलं बेरिंग चाळणीत रेती फिरवावी तसं कुरकुरतं. पवनीत 1988 पासून मी हेच करतो आहे. त्याआधी सात वर्षं भंडाऱ्याला एका मिस्त्रींच्या हाताखाली काढली. पूर्वी दिवसभर स्कूटरच असायच्या. आता महिन्याला दोन-तीन जुन्या चेतक येतात, त्याही कुणाच्या तरी वडिलांच्या नाहीतर आजोबांच्या.

गिऱ्हाईक विचारतं, बेरिंग कोणतं टाकता? त्याचं उत्तर माझ्याकडे आहे. पण मला कुणीच न विचारलेला एक प्रश्न गेली वीस वर्षं माझ्यासोबत राहतो आहे. क्रँकच्या दोन बाजूंची दोन मेन बेरिंग एकदा बसवली, केसिंग बंद केलं, नट आवळले, की पुढची दहा-पंधरा वर्षं ती कुणाच्या नजरेला पडत नाहीत. मालकाला दिसतो तो रंग आणि पॉलिश. मग आतल्या कामाचा जाब द्यायचा कुणाला? देव मानणाऱ्याला हे सोपं आहे, वरून तो पाहतो. मी बौद्ध आहे. माझ्या आजोबांनी आणि वडिलांनी 14 ऑक्टोबर 1956 ला नागपूरला दीक्षा घेतली. आमच्या घरात वरून पाहणारा कुणी नाही. केसिंगच्या आत अंधार आहे आणि तिथे फक्त माझे हात जाऊन आलेले असतात.

आधी बेरिंगचं सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावरच उभं आहे. बेरिंगवर नंबर असतो. 6204 असेल तर शेवटच्या 04 ला पाचनं गुणायचं, आतलं भोक वीस मिलिमीटर. 6305 चं पंचवीस. नंबर जुळला की काम झालं असं नवशिक्याला वाटतं. पण नंबराच्या पुढे बारीक अक्षरात सी-3 लिहिलेलं आहे का ते पाहावं लागतं. सी-3 म्हणजे आतली मोकळीक नेहमीपेक्षा थोडी जास्त. एवढ्या मापाच्या बेरिंगात साध्या प्रकाराची मोकळीक 5 ते 20 मायक्रॉन असते, सी-3 ची 13 ते 28. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. इंजिन तापतं, आतली रिंग क्रँकवर घट्ट बसून फुगते, बाहेरची रिंग केसिंगात दाबली जाते, आणि थंडपणी जी मोकळीक होती ती गरमपणी खाल्ली जाते. आधीच कमी असेल तर छर्रे अडकतात. मिनिटाला पाच हजार फेरे म्हणजे सेकंदाला ऐंशीच्या वर. त्या वेगात अडकलेला छर्रा काय करतो ते मी पाहिलं आहे.

बसवणं हे निवडण्याइतकंच मोठं काम आहे. केसिंग अॅल्युमिनियमचं, बेरिंग पोलादाचं. अॅल्युमिनियम तापलं की जास्त फुगतं. म्हणून केसिंग गरम करायचं, बेरिंग रात्रभर फ्रीजमध्ये ठेवायचं, मग ते हातानं सोडलं तरी जागेवर जाऊन बसतं. घाईचा मिस्त्री आतल्या रिंगवर हातोडी मारून ते केसिंगात ठोकतो. तो घाव छर्ऱ्यांमधून बाहेरच्या रिंगवर जातो आणि तिथे डोळ्यांना न दिसणाऱ्या खळ्या पडतात. बेरिंग नवंच असतं, पण त्याचं आयुष्य बसवतानाच संपलेलं असतं.

आणि डुप्लिकेट. जयपूरची एनबीसी, चिंचवडला कारखाना असलेली एसकेएफ, अशा मोठ्या नावांचे डबे छापून त्यात भलताच माल भरणारे लोक या धंद्यात आहेत. कंपन्या त्यांच्यावर छापे घालत असतात. एसकेएफनं तर फोनवर फोटो पाठवून खरं-खोटं विचारण्याची सोयच केली आहे. खऱ्या बेरिंगवरची अक्षरं बारीक आणि सारखी असतात. खोट्यावरची कुठे खोल, कुठे पुसट, आणि नखाला लागतात. खरं बेरिंग बोटावर धरून फिरवलं तर शांतपणे फिरत राहतं आणि कळणार नाही असं थांबतं. खोटं एका जागी येऊन अडतं. आतलं पोलाद नीट पाणी दिलेलं नसतं, छर्रे एकमेकांच्या मापाचे नसतात, पिंजऱ्याचे रिवेट सैल असतात. पण हे सगळं तेलाच्या थराखाली, चकचकीत कागदात गुंडाळलेलं असतं.

लोकल बेरिंगाबद्दल माझं भांडण नाही. धानाला भाव नाही, घरात लग्न आहे, माणूस म्हणतो, "भाऊ, सहा महिने चालंल इतकं करून दे." मी त्याला सांगतो की हे स्वस्तातलं आहे, एवढंच टिकेल. तो ऐकतो, ठरवतो, घेतो. ते त्याचं ठरवणं. डुप्लिकेटमध्ये ठरवणं चोरलेलं असतं. पंचशीलात न दिलेलं न घेण्याचं आणि खोटं न बोलण्याचं शील वेगवेगळं आहे. डुप्लिकेट बेरिंग ही दोन्ही एकदम मोडतं, आणि तेही तोंड न उघडता.

हे मला कळत होतं तरी 2003 साली मी ते केलं.

अड्याळकडच्या एका खेड्यातले गुरुजी माझे जुने गिऱ्हाईक. प्राथमिक शाळेचे मुख्याध्यापक होऊन निवृत्त झालेले, गळ्यात तुळशीची माळ. त्यांची चेतक 1984 ची. नंबर लावून वर्षानुवर्षं वाट पाहिल्यावर मिळालेली, त्यामुळे घरातल्या माणसासारखी जपलेली. एकोणीस वर्षांत तिचं इंजिन कुणी खोललं नव्हतं. मेन बेरिंग कुरकुरायला लागलं म्हणून त्यांनी ती माझ्याकडे आणली. घरात मुलीच्या सासरचं काही काम होतं, गाडी आठ दिवसांत हवी होती. मी नागपूरला गेलो. नेहमीच्या दुकानात तो नंबर नव्हता. दुसऱ्या एका दुकानात होता, नामांकित कंपनीच्या डब्यात, नेहमीच्या निम्म्या भावात. बिल मागितलं तर दुकानदार म्हणाला, बिलाचं काय करता. तिथेच मला कळायला हवं होतं. खरं सांगायचं तर कळलं होतं. मी बोटावर फिरवून पाहिलं नाही, कारण फिरवलं असतं तर मला ते परत ठेवावं लागलं असतं. गुरुजींकडून मी पूर्ण किंमत घेतली. बेरिंगमागे एकशेवीस रुपये मला सुटले.

आठ महिन्यांनी अड्याळच्या अलीकडे, तिसऱ्या गिअरमध्ये, बेरिंगचा पिंजरा फुटला. तुकडे छर्ऱ्यांत गेले आणि क्रँक जागच्या जागी थांबला. चेतकचं मागचं चाक गिअरमधून थेट इंजिनाला जोडलेलं असतं. इंजिन थांबलं की चाक थांबतं, क्लच दाबायला अर्धा क्षण मिळतो. गुरुजींना तो मिळाला नाही. मागे काकू बसल्या होत्या. गुरुजींना खरचटलं, काकूंचं मनगट मोडलं. मनगट जुळलं, पण नंतर त्यांना त्या हातानं कणीक नीट मळता आली नाही.

गाडी टेम्पोत घालून माझ्याकडे आली. गुरुजी सोबत होते, हाताला पट्टी. म्हणाले, "नशीब, मिस्त्री. दुसरं काय." मी मान हलवली. रात्री एकट्यानं इंजिन खोललं. पिंजऱ्याचे तुकडे, चपटे झालेले छर्रे, रेसवर सोललेल्या सालीसारखे पापुद्रे. मी पदरमोड करून सगळं नवीन घातलं, क्रँकसुद्धा, आणि पैसे घेतले नाहीत. गुरुजी म्हणाले, तुम्ही फार भले. मी गप्प राहिलो.

नशीब हा शब्द आमच्या घरात चालत नव्हता. वडील बिड्या वळायचे. संध्याकाळी सट्टेदार, म्हणजे बिडीचा ठेकेदार, हजार बिड्यांमधून मुठीनं छाट काढायचा, खराब म्हणून बिड्या बाजूला काढायचा, आणि छाट काढलेल्या बिडीची मजुरी नाही, पण ती बिडी त्याच्याकडेच राहायची. शेजारी म्हणायचे आपलं नशीबच फुटकं. वडील म्हणायचे, "नशीब म्हनू नोको. कोनं केलं ते पाय." 1954 च्या पोटनिवडणुकीत बाबासाहेब भंडाऱ्यातून उभे होते आणि हरले. ते दुःख वडिलांनी जन्मभर बाळगलं, पण त्यालाही त्यांनी कधी नशीब म्हटलं नाही. मतं मोजली गेली, कमी पडली, का पडली ते शोधा, असं त्यांचं म्हणणं. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' हा ग्रंथ बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर 1957 साली छापून आला. आजचं दुःख मागच्या जन्मीच्या कर्मावर ढकललं की समाज आपल्या जबाबदारीतून मोकळा होतो, हे त्यात त्यांनी स्पष्ट मांडलं आहे. वडिलांना तो ग्रंथ वाचून दाखवावा लागे, पण हा मुद्दा त्यांना आधीच ठाऊक होता.

आणि त्यांचा मुलगा गुरुजींसमोर नशिबाला मान हलवून आला होता. सट्टेदार आणि मी यांच्यात फरक काय, हे मला त्या रात्री ठरवता आलं नाही. छाट काढणारा निदान समोर बसून काढतो.

दोन वर्षं अशीच गेली. 2005 च्या वर्षावासात आमच्या विहारात एक भन्ते प्रवचनाला येत. एका संध्याकाळी ते दुःख या शब्दाबद्दल बोलले. संस्कृतात 'ख' म्हणजे पोकळी, भोक. चाकाच्या तुंब्याला आस जाण्यासाठी जे भोक असतं, त्यालाही ऋग्वेदाच्या काळापासून 'ख' म्हणत. भोक नीट बसलेलं ते 'सु-ख', वाकडंतिकडं पडलेलं ते 'दुः-ख', अशी एक व्युत्पत्ती जाणकार सांगतात. सगळ्यांना ती मान्य नाही, हेही भन्ते म्हणाले. मान्य असो की नसो, मी मागच्या रांगेत बसून हाताकडे पाहत होतो. नखांत ग्रीस होतं. बैलगाडीच्या आसाचं भोक आणि केसिंगातली बेरिंगची जागा यांत हजारो वर्षांचं अंतर आहे, काम तेच आहे. दुःख आभाळातून येत नाही, ते एका जागी बसवलेलं असतं, असं मी तेव्हा ऐकलं. भन्ते तसं म्हणाले नव्हते.

पुढच्या आठवड्यात त्यांनी अंगुत्तर निकायातली पचेतन राजाची गोष्ट सांगितली. राजा रथकाराला म्हणतो, सहा महिन्यांनी लढाई आहे, चाकांची जोडी हवी. रथकार कबूल करतो. सहा दिवस कमी सहा महिने होतात तेव्हा एकच चाक तयार असतं. राजा विचारतो, उरलेल्या सहा दिवसांत दुसरं होईल का? रथकार म्हणतो, होईल, आणि करतो. राजा दोन्ही चाकं पाहतो. त्याला काही फरक दिसत नाही. तेव्हा रथकार दोन्ही चाकं सोडून दाखवतो. सहा दिवसांचं चाक ढकलल्याचा जोर असेपर्यंत धावतं, मग गरगरतं आणि पडतं. सहा महिन्यांचंही जोर असेपर्यंत धावतं आणि मग आसावर बसवल्यासारखं उभं राहतं. सहा दिवसांच्या चाकाची धाव, आरे आणि तुंबा, तिन्हींत वाकडेपणा होता, दोष होता. बुद्ध सांगतात, तो रथकार मीच होतो. तेव्हा लाकडाचा वाकडेपणा जाणत होतो, आता काया, वाचा आणि मनाचा जाणतो.

लोकांना या गोष्टीत सहा महिन्यांच्या चाकाचं कौतुक वाटतं. मला दुसरं चाक सुटेना. ते वाकडं चाकही त्याच रथकारानं केलं होतं. घाई राजाची होती, पण हात त्याचे होते. राजाला फरक दिसत नव्हता. तो गप्प राहिला असता तर त्याच चाकावर राजा लढाईला गेला असता. त्यानं स्वतः चाक सोडून, पाडून दाखवलं. केसिंगच्या अंधारातल्या कामाचा जाब कुणाला, या माझ्या प्रश्नाचं उत्तर मला त्या पडत्या चाकात सापडलं. पाहणारा वर नसतो. पाहायला करणाराच उरतो, आणि त्याचं पाहणं तो बोलला तरच दुसऱ्याच्या कामाचं.

त्या रविवारी फुटलेलं बेरिंग कागदात बांधून मी गुरुजींच्या गावी गेलो. ते मी जपून ठेवलं होतं. काकूंनी चहा ठेवला, डाव्या हातानं. मी सगळं सांगितलं, एकशेवीस रुपयांसकट, आणि बोटावर न फिरवण्याचंही. गुरुजी बराच वेळ बेरिंग उलटसुलट करत राहिले. मग म्हणाले, "मिस्त्री, मनाला लावून घेऊ नका. तिचं प्रारब्धच होतं. तुम्ही निमित्त झालात."

शिव्या दिल्या असत्या तर मी खाली मान घालून घेतल्या असत्या. ही क्षमा मला घेता येईना. मी म्हटलं, "गुरुजी, निमित्त नाही. मी केलं. प्रारब्ध म्हणाल तर मी उद्या पुन्हा करायला मोकळा होतो." ते म्हणाले, "आणि मी प्रारब्ध नाही म्हटलं तर मला तुमचा राग धरावा लागेल. या वयात तो कुठे सांभाळू?" काकू दारातून म्हणाल्या, "तुमचं दोघांचं होऊ द्या. पण मले सांगाले आले, हे बरं केलं." त्या घरात मनगट ज्यांचं मोडलं त्यांनी प्रारब्धाचं नाव काढलं नाही, हे माझ्या लक्षात राहिलं.

आमचा वाद मग पुढे अनेक वर्षं चालला. गुरुजी सर्व्हिसिंगला येत, बाकड्यावर बसत आणि तिथूनच सुरू करत. त्यांच्या बाजूचा सगळ्यात जड मुद्दा त्यांनी एका पावसाळ्यात काढला. "माझं पहिलं बेरिंग एकोणीस वर्षं चाललं. ते कुणामुळे?"

मी म्हटलं, "चेतकच्या आकुर्डीच्या कारखान्यात ज्यानं ते नीट बसवलं त्याच्यामुळे."

"त्याचं नाव?"

"माहीत नाही."

"मग मी त्याला देव म्हटलं तर तुमचं काय जातं?"

त्यावर मला लगेच बोलता आलं नाही. हा साधा युक्तिवाद नव्हता. न पाहिलेल्या कुणीतरी केलेल्या भल्या कामावर आपण एकोणीस वर्षं निर्धास्त फिरतो, आणि त्याला हात जोडावेसे वाटणं चुकीचं कसं म्हणू? शेवटी मी म्हटलं, "जातं, गुरुजी. देव म्हटलं की त्याची पाळी, त्याचा पगार, त्या दिवशी त्याची पाठ दुखत होती का, हे सगळं पुसून जातं. त्यानं घाई करता आली असती तरी केली नाही, हे पुसून जातं. देवाला घाईचा मोह नसतो. याला होता." गुरुजी हसले नाहीत. "विचार करतो," म्हणाले. ते खरंच विचार करत, म्हणून त्यांच्याशी वाद घालावासा वाटे.

असे नाव नसलेले हात आमच्या पवनीतही आहेत. इथल्या जगन्नाथ टेकडीवर 1969-70 मध्ये नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणानं खोदकाम केलं, शां. भा. देव आणि ज. प. जोशी यांच्या देखरेखीखाली, आणि जुना स्तूप वर आला. त्याच्या कठड्याच्या दगडांवर ब्राह्मी अक्षरांत दान देणाऱ्यांची नावं कोरलेली सापडली. मी शाळेत असताना आम्ही त्या टेकडीवर खेळायचो, तेव्हा यातलं काही माहीत नव्हतं. आता तिकडे गेलो की मला दगड देणाऱ्यांपेक्षा दगडात खाच पाडणारा जास्त आठवतो. कठड्याच्या आडव्या शिळा उभ्या खांबाच्या खाचेत नेमक्या बसल्या पाहिजेत. खाच आत असते, बाहेरून दिसत नाही. नावं वर कोरली जातात.

गुरुजींकडे जाऊन आल्यापासून मी दोन गोष्टी करतो. जुनं बेरिंग गिऱ्हाइकाच्या हातात परत देतो, नव्याच्या बिलासोबत, त्याला नको असलं तरी. आणि केसिंग बंद करण्याआधी आतल्या बाजूला, तेल लागणार नाही आणि कशाला घासणार नाही अशा कोपऱ्यात, अणकुचीदार टोच्यानं बेरिंगचा नंबर, महिना आणि वर्ष कोरतो. पुन्हा इंजिन खुलेपर्यंत ते कुणाला दिसत नाही. पोरं विचारतात, कायले? मी त्यांना म्हणतो, कोर. आधी बेरिंग बोटावर फिरव, मग कोर.

गेल्या महिन्यात लाखांदूरकडून एक चेतक आली. इंजिन याआधी कुणीतरी खोललेलं होतं, पण मी नव्हे, ती गाडी माझ्या दारात पहिल्यांदाच आली होती. क्रँक फिरवला, मूठ कानाला लावली. बेरिंग बोलत नव्हतं. आतलं दुसरं काम होतं म्हणून केसिंग उघडलं, तर आत डाव्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत एक नंबर कोरलेला, पुढे सी-3, आणि खाली 11-97. नाव नाही. मी पोरांना बोलावून दाखवलं. रेडिओ बंदच होता.

इंजिन उघडलंच आहे तर बेरिंग नवीन घालायचं, हा माझा नियम आहे, म्हणून ते शांत बेरिंगही मी पुलरनं काढलं, कागदात बांधून मालकाच्या नावानं ठेवलं. केसिंग धुताना त्या कोपऱ्यावर ब्रश जोरात फिरवू नको, एवढं पोराला सांगितलं. 11-97 च्या खाली जागा होती. तिथे मी नवा नंबर कोरला.